सोनं शोधायला परवडणारा मेटल डिटेक्टर कोणता? (मेल्बर्न, बजेट १५०० डॉलर)

चालतोय_निवांत
नमस्कार मंडळी,
गेल्या इस्टरला मुलांना घेऊन बल्लारातच्या सॉव्हरिन हिलला गेलो होतो. तिथल्या ओढ्यात पॅन घोळवून टाचणीच्या डोक्याएवढे चार कण हाती लागले. मुलं तासाभरात आइस्क्रीमकडे वळली, मी मनाने अजून त्या ओढ्यातच आहे. तेव्हापासून रोज रात्री दाढीवाले ऑस्ट्रेलियन आजोबा झुडपांत डिटेक्टर फिरवतात ते व्हिडिओ बघतोय. बायको म्हणते, एवढ्या वेळात एक बेडरूम रंगवून झाली असती.

मुद्द्यावर येतो. मेल्बर्नपासून दोन-अडीच तासांवर ज्याला गोल्डन ट्रँगल म्हणतात तो पट्टा आहे: डनॉली, टार्नागुला, वेडरबर्न, इंगलवूड वगैरे. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जमेल. बजेट १५०० ऑस्ट्रेलियन डॉलर, फार ताणलं तर १८००. दुकानात गेलो तर त्याने पहिलंच मशीन आठ हजारांच्या पुढचं दाखवलं. तेवढ्याला आमच्या गृहखात्याची मंजुरी मिळणं अशक्य आहे. मी वाचून-वाचून तीन नावांवर आलोय: मिनलॅबचा गोल्ड मॉन्स्टर १०००, मिनलॅबचाच इक्विनॉक्स, आणि गॅरेटचा एटी गोल्ड. यातला कोणता घ्यावा? की या पैशात सोनं सापडतच नाही? इथे कुणी प्रत्यक्ष हे केलंय का?

शंकेखोर
१५०० डॉलरचं सरळ सोनंच घ्या की. सराफ खड्डा खणायला लावत नाही.

तुषार_सिंचन
@शंकेखोर, घडणावळ लावतो. खड्डा पडतोच.

बल्लारातकर
चला, आमच्या गावाचं नाव निघालं म्हणजे लिहायला हवं. मी इथे १६ वर्षं आहे आणि त्यातली ११ हा उद्योग करतोय. निवांतराव, थोडं सविस्तर लिहितो.

मशीनच्या आधी माइनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना, काढा. व्हिक्टोरियात त्याशिवाय डिटेक्टर फिरवणं बेकायदा आहे. ऑनलाइन मिळतो, तीसेक डॉलरच्या आसपास, आणि १० वर्षं चालतो. तो खिशात असला की मोकळ्या सरकारी जमिनीवर सापडलेलं सोनं तुमचं. खासगी शेतात मालकाची परवानगी घ्यावी लागते. राष्ट्रीय उद्यानं बहुतेक बंद, थोड्या ठिकाणी आखून दिलेल्या भागात चालतं. दुसऱ्याच्या खाणपट्ट्यावर जायचं नाही. आदिवासींच्या जुन्या जागांना हात लावायचा नाही. हत्यारं फक्त हाताची. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. शेवटचं मी मुद्दाम लिहितोय, कारण न बुजवणाऱ्यांमुळे एकेक जागा आमच्या हातून जाते.

आता मशीन. तुमची तिन्ही नावं व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) जातीतली आहेत. दुकानदाराने दाखवलं ते पल्स इंडक्शन असणार, बोलताना आम्ही पीआय म्हणतो. गोल्डन ट्रँगलमधली माती लोहाने भरलेली, तांबडी, त्यात आयर्नस्टोनचे खडे. तिथे स्वस्तातलं व्हीएलएफ दर दोन पावलांना ओरडतं आणि तुम्ही दुपारपर्यंत कानातले हेडफोन काढून फेकता. याचा अर्थ व्हीएलएफ नकोच असा नाही. उथळ माती, जुन्या खोदकामाचे उकरलेले ढीग, तळाचा खडक उघडा पडलेली जागा, इथे ते बारीक सोनं छान पकडतं. खोल मात्र जात नाही.

माझं मत: तिघांत गोल्ड मॉन्स्टर. ४५ किलोहर्ट्झवर चालतो, मातीशी जुळवून घेणं, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, आपोआप करतो, आणि बटणं इतकी कमी की शिकायला एक दिवस पुरे. मी घेतला तेव्हा बजेटात बसत होता, दोन कॉइल (जमिनीवरून फिरवायच्या चकत्या) सोबत आल्या होत्या. एटी गोल्ड १८ किलोहर्ट्झचा, पाण्यात चालतो, दणकट आहे, पण ग्राउंड बॅलन्स तुम्हालाच सांभाळावा लागेल. इक्विनॉक्स हे सगळीकडे थोडं-थोडं जमणारं मशीन. समुद्रकिनाऱ्यावर नाणी शोधायचा विचार असेल तर तेच घ्या.

पण यातलं काहीही विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. त्या पट्ट्यातल्या गावांमध्ये डिटेक्टर भाड्याने देणारी दुकानं आहेत. दोन दिवस फिरवा, पाठ दुखते का बघा.

चालतोय_निवांत
@बल्लारातकर, काका, मनापासून धन्यवाद! भाड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पण व्हीएलएफ आणि पीआय यांत नेमका फरक काय? दुकानदाराने सांगितलं ते माझ्या डोक्यावरून गेलं.

जुना_रेडिओ
हा माझा प्रांत. सोनं कधी शोधलेलं नाही, पण ३० वर्षं कॉइल गुंडाळण्यात गेली आहेत.

डिटेक्टरच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता प्रवाह सोडला की खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते स्वतःचं उलट क्षेत्र तयार करतात. ते दुसऱ्या वेटोळ्याने ऐकायचं. एवढंच.

व्हीएलएफ एकाच वेळी बोलतं आणि ऐकतं. आलेला प्रतिसाद किती उशिरा आला यावरून ते लोखंड की तांबं याचा अंदाज बांधतं. गोची अशी की लोहयुक्त मातीही प्रतिसाद देते, आणि बोलता-बोलता ऐकणाऱ्याला तो गोंगाट वेगळा काढणं जड जातं. मंडईत उभं राहून फोनवर बोलून बघा.

पीआय एक जोरदार ठोका देतं, गप्प बसतं, आणि मग ऐकतं. मातीचा प्रतिसाद आणि धातूचा प्रतिसाद वेगवेगळ्या गतीने विरतात, त्यामुळे मातीचा भाग वजा करता येतो. म्हणून ते खोल जातं. बदल्यात खिळा आणि सोनं यांतला फरक सांगायला ते कच्चं. शिवाय फार बारीक सोन्याचा प्रतिसाद इतक्या लवकर विरतो की ऐकायला सुरुवात होईपर्यंत संपलेला असतो. अशा बारीक कणाला जास्त वारंवारतेचं व्हीएलएफ सरस. फिशरच्या गोल्ड बग २ ची वारंवारता ७१ किलोहर्ट्झ आहे ती याचसाठी.

अवांतर: या तंत्राचा पहिला गाजलेला प्रयोग ग्रॅहम बेलचा. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात गोळी अडकली होती, ती शोधायला बेल आपलं यंत्र घेऊन गेला. गोळी सापडली नाही. अध्यक्ष झोपले होते त्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या.

तुषार_सिंचन
म्हणजे पहिल्या दिवसापासून खिळेच सापडतायत.

पर्थवासी
बल्लारातकरांशी अर्धवट सहमत, म्हणजे अर्धवट असहमत. हलके घ्या.

मी कालगुर्लीच्या उत्तरेला जातो. माझा अनुभव: आधी स्वस्त मशीन घेतलं, वर्षभर गोळ्यांचं शिसं आणि टिनचे तुकडे गोळा केले, मग ते निम्म्या भावात विकलं आणि पीआय घेतलं. म्हणजे दोनदा पैसे घातले. आमच्याकडे "स्वस्त" म्हणजे पहिल्या मशीनची किंमत अधिक दुसऱ्या मशीनची किंमत. निवांतभाऊ, थांबा, पैसे साठवा, जुनं एसडीसी २३०० कुणी विकतंय का बघा. ते पीआय आहे, घडी घालून पाठपिशवीत मावतं, पाण्यातही चालतं. बजेटच्या वर जाईल, मान्य. पण एकदाच.

आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात यायचा विचार असेल तर इथला माइनर्स राइट वेगळा काढावा लागतो, व्हिक्टोरियाचा चालत नाही. दुसऱ्याला खनिज शोधायला दिलेल्या जमिनीवर (एक्सप्लोरेशन लायसन्स) शिरायला आणखी एक परवाना. इथे सोन्याआधी पाणी शोधायला लागतं हे लक्षात ठेवा, म्हणजे गाडीत भरपूर भरून आणा.

बल्लारातकर
@पर्थवासी, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते महिन्याला दहा दिवस वाळवंटात काढणाऱ्याचं. निवांतराव वर्षाला फार तर दहा-बारा दिवस जाणार. अशा माणसाला चार-पाच हजारांचं मशीन घ्यायला सांगणं म्हणजे पहिल्यांदा ट्रेकला निघालेल्याला एव्हरेस्टचे बूट घ्यायला लावण्यासारखं.

पर्थवासी
एव्हरेस्टचे बूट हरिश्चंद्रगडावर चालतात हो, उलटं चालत नाही.

गडवाट
गडाचं नाव निघालं म्हणून एक कळकळीची विनंती. हा धागा ऑस्ट्रेलियाबद्दल आहे, मान्य. पण वाचणारे महाराष्ट्रातही आहेत. हल्ली गडांवर डिटेक्टर घेऊन फिरणारे दिसतात. शिवराई शोधतात, तोफगोळे उकरतात. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी पडलं होतं यावरच त्या जागेचा इतिहास वाचता येतो. ते उपटून खिशात घातलं की उरतो फक्त तांब्याचा तुकडा. संरक्षित स्मारकावर खणणं गुन्हा आहेच. आणि स्वतःच्या शेतात पुरलेलं काही सापडलं तरी १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागू आहे: दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा १८७८ पासून तसाच आहे, त्यामुळे सुटका नाही.

जास्वंदी
@गडवाट, शंभर टक्के सहमत.

आता निवांतदादांसाठी. मी बेंडिगोला असते, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. आम्ही दोघं इक्विनॉक्स ८०० वापरतो. "व्हीएलएफने काय सापडणार" म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगते. २०२३ साली गोल्डन ट्रँगलमध्येच एका माणसाला ४.६ किलोचा दगड मिळाला, त्यात २.६ किलो सोनं होतं. किंमत दोन लाख चाळीस हजार डॉलर. त्याच्या हातात इक्विनॉक्स ८०० होता, बाराशे डॉलरच्या आसपासचा. बातमी सगळीकडे आली होती.

शंकेखोर
लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो. न लागलेल्यांचा छापायचा तर पेपर पुरणार नाही.

जास्वंदी
@शंकेखोर, ते खरंच आहे, आमचा हिशेब देते म्हणजे कुणाचा गैरसमज नको. तीन वर्षांत आमचं एकूण सोनं ७ ग्रॅम. तोळाही भरत नाही! सगळ्यात मोठा तुकडा १.८ ग्रॅमचा, तांदळाचे चार दाणे चिकटवल्यासारखा दिसतो. शिसं मात्र जवळजवळ दोन किलो. पेट्रोलचा हिशेब नवऱ्याने ठेवलाय, मी बघितलेला नाही आणि बघणारही नाही.

पहिल्या दिवशीची फजिती सांगते. मशीन सतत वाजत होतं. जिथे जाऊ तिथे टुंई टुंई. नवरा म्हणाला, अगं आपण खाणीवरच उभे आहोत! अर्धा तास खणलं. मग शेजारून जाणारे एक आजोबा थांबले, माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघितलं, मग नवऱ्याच्या बुटांकडे. माझ्या बांगड्या आणि त्याच्या सेफ्टी बुटातली लोखंडी टोपी. मशीन बिचारं खरं तेच सांगत होतं. तेव्हापासून घड्याळ, बांगड्या, पट्ट्याचं बक्कल सगळं गाडीत. मोबाइल बंद किंवा निदान विमानातला मोड. आणि खालून काढलेली माती तपासायला प्लास्टिकची चमची, लोखंडी नको.

तुषार_सिंचन
घरातलं सोनं शोधून काढणारं मशीन! लग्नानंतर लॉकर कुणाच्या नावावर हे शोधणारं मॉडेल कधी येणार?

लाल_माती
मी राजापूरकडचा. सोनं शोधलं नाही, पण हरवलेलं शोधलं. आत्याची अंगठी आमराईत पडली, पालापाचोळा गोळा करताना. पुण्याहून भाच्याने एक ऑनलाइन घेतलेला डिटेक्टर आणला, पाच-सहा हजारांचा. आमची जमीन जांभ्याची. चकती टेकवली की आरडाओरडा. वर उचलली की गप्प. परत टेकवली की आरडाओरडा. भाचा म्हणाला, मामा, आख्खी आमराई लोखंडाची आहे. वर शेजारचे दोघे कुंपणावरून बघत उभे, गावभर झालं की यांच्या आमराईत हंडा आहे.

शेवटी अंगठी गावली ती आत्यालाच, केरसुणीने. म्हणून बल्लारातकरांचं तांबड्या मातीचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

जुना_रेडिओ
@लाल_माती, स्वस्त मशीनला ग्राउंड बॅलन्स नसतो, म्हणजे "ही जमीन अशीच आहे, तिला शून्य धर" असं त्याला सांगायची सोयच नसते. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं ठासून भरलेली. देशावरच्या काळ्या दगडातही मॅग्नेटाइट असतं. दोन्हीकडे तेच रडगाणं.

पुढच्या वेळी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा आणि चकती जमिनीपासून चार बोटं वर धरा. अंगठी वरच पडलेली असते, खोलीची गरज नसते.

खजिना_७७
नवीन सदस्य. आमच्या शेतात आजोबांच्या वेळचे गुप्तधन आहे असे जाणकाराने सांगितले आहे. दोन अँटेनावाले लाँग रेंज गोल्ड लोकेटर ५०० मीटरवरून दिशा दाखवते अशी जाहिरात बघितली. ८५००० रुपये सांगत आहे. घ्यावे का? जाणकार मार्गदर्शन करतील काय.

जुना_रेडिओ
घेऊ नका. घेऊ नका. घेऊ नका.

सविस्तर: खरा डिटेक्टर चकतीखाली काही इंचांपासून फार तर दोन-तीन फुटांपर्यंत बघतो, आणि तेही वस्तू मोठी असली तर. ५०० मीटरवरून सोन्याची दिशा दाखवणारं यंत्र कुठल्याही भौतिकशास्त्रात बसत नाही. बिजागरीवर सैल बसवलेली अँटेना हात जरा कलला की फिरते, इतकंच. याच नमुन्याची एडीई ६५१ नावाची "बॉम्बशोधक" यंत्रं इराकला विकली गेली होती. आत काहीही नव्हतं. चेकनाक्यांवर त्यांच्या भरवशावर राहून माणसांचे जीव गेले. विकणाऱ्याला २०१३ साली ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. त्या यंत्राचा पूर्वज म्हणजे हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायचं एक गमतीचं खेळणं होतं.

जास्वंदी
आणि @खजिना_७७ दादा, तो जाणकार यंत्रावर थांबला तर नशीब समजा. गुप्तधनाच्या नावाखाली आपल्याकडे काय-काय अघोरी झालंय ते पेपरात येतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असल्याच प्रकारांसाठी आहे. कुणी पूजा, बळी, अमावस्या म्हणायला लागला तर सरळ पोलिसांत जा.

व्यवस्थापक
खजिना_७७ यांच्या प्रतिसादातला विक्रेत्याचा फोन नंबर काढला आहे. धाग्यावर असे नंबर देऊ नयेत.

वैनगंगा
मस्त चालला आहे धागा. थोडं अवांतर.

आपल्याकडे सोनं शोधायला कॉइल लागत नसे. आमच्या भंडारा-बालाघाट पट्ट्यात सोनझारी नावाचे लोक होते, नदीची वाळू लाकडी पाटीत घोळून सोन्याचे कण काढायचे. आजी सांगायची, पावसाळा ओसरला की नदीच्या वळणावर येऊन बसायचे. वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाची पाठ, झाडाच्या मुळांची जाळी. जिथे पाणी मंदावतं तिथे जड माल खाली बसतो. सोनं पाण्याच्या १९ पट जड, त्यामुळे वाळू वाहून जाते आणि ते मागे राहतं. दिवसभर घोळून गुंजभर मिळालं तरी चांगला दिवस.

शहरात सराफकट्ट्यावर झारेकरी असायचे, काही ठिकाणी अजून आहेत. पहाटे दुकानांपुढची धूळ झाडायची, गटारातला गाळ काढायचा, आणि घोळायचा. सोनाराच्या कानशीतून उडालेला कण कुठे जातो हे त्यांच्याइतकं सोनारालाही माहीत नसतं.

मला वाटतं निवांतरावांनी मशीनइतकाच विचार "सोनं कुठे थांबतं" याचा करावा.

बल्लारातकर
@वैनगंगा, वा! हेच मला पहिल्या प्रतिसादात लिहायचं होतं आणि मी मशीनमध्येच अडकलो.

निवांतराव, व्हिक्टोरिया सरकारचा जिओव्हिक नावाचा नकाशा ऑनलाइन आहे. जुनी खोदकामं कुठे होती ते त्यात दिसतं. १८५० नंतर ज्यांनी इथे हाताने खणलं त्यांच्याकडे डिटेक्टर नव्हता, पण डोळा होता. ते जिथे खणत होते त्याच्या कडेकडेने शोधा. पांढऱ्या क्वार्ट्झचे तुकडे आणि आयर्नस्टोन एकत्र दिसले की चाल मंद करा. मोलियागुलला १८६९ साली "वेलकम स्ट्रेंजर" नावाचा सोन्याचा गोळा सापडला, ७० किलोच्या वर सोनं, आणि तो होता जमिनीखाली जेमतेम इंचभर, झाडाच्या मुळांत. डनॉलीला तो मावेल एवढा तराजूच नव्हता, लोहाराच्या ऐरणीवर तोडून मग वजन केलं. १९८० चा "हँड ऑफ फेथ" मात्र डिटेक्टरचाच, किंगावरजवळ, २७ किलो, फूटभर खोल.

आणि जुन्या खाणींचे खड्डे! झुडपांत उघडे सोडलेले, वीस-वीस मीटर सरळ खाली. कानात हेडफोन, नजर चकतीवर, आणि मागे-मागे सरकणारा नवशिका: याची मला सापांपेक्षा भीती वाटते. एकटे जाऊ नका.

शंकेखोर
बरं, एक खरा प्रश्न. डिस्क्रिमिनेशन लावून लोखंड गाळलं तर ते दोन किलो शिसं-खिळे खणायचं काम वाचत नाही का? मशीनला ते येतं म्हणताय ना?

जास्वंदी
शिसं तर गाळताच येत नाही, ते सोन्यासारखंच वाजतं. चॉकलेटची चांदी आणि डब्याचं झाकण ओढायची कडीही. लोखंड थोडंफार गाळता येतं, पण तांबड्या मातीत बारीक सोन्यालाही मशीन कधीकधी लोखंड म्हणतं. बाराशे डॉलरच्या मशीनवर विसंबून किती सोनं मागे ठेवायचं हा प्रश्न आहे. आम्ही जे वाजेल ते खणतो. कुदळीच्या डोक्यावर लोहचुंबक चिकटवलाय, खिळा असेल तर तो आपणहून उडी मारून चिकटतो, तेवढंच काम कमी.

जुना_रेडिओ
आणखी एक. घरी सराव करायचा असेल तर नाकातली जुनी चमकी किंवा कुडीची फिरकी घ्या, प्लास्टिकच्या झाकणाला सेलोटेपने चिकटवा, आणि मुलांना सांगा बागेत लपवायला. किती उंचीवरून ऐकू येतं ते कळेल. चमकी ऐकू आली तर कान तयार झाला.

चालतोय_निवांत
गृहखात्याकडे… म्हणजे बायकोकडे चमकी मागितली. "का?" विचारलं. खरं सांगितलं. मिळाली नाही.

तुषार_सिंचन
गृहखात्याने निविदा फेटाळली.

(या प्रतिसादानंतर धागा काही आठवडे खाली गेला होता.)

चालतोय_निवांत
मंडळी, धागा वर काढतोय. वृत्तांत देणं लागतो.

माइनर्स राइट काढला. गेल्या लाँग वीकेंडला गोल्ड मॉन्स्टर दोन दिवस भाड्याने घेतला. जास्वंदीताई आणि त्यांचे यजमान सोबत आले, त्यांचे जाहीर आभार. एकट्याने गेलो असतो तर पहिल्या तासात परत आलो असतो.

पहिला दिवस: ४१ खड्डे. १७ खिळे, १२ शिशाचे छर्रे आणि गोळ्या, टिनचे तुकडे, एक घोड्याच्या नालाचा अर्धा भाग, आणि बाकी "हॉट रॉक" म्हणतात ते तापट दगड. हा प्रकार मला माहीत नव्हता. दगड हातात घेऊन चकतीसमोर धरला तर तो सोन्यासारखा वाजतो. मी एक घरी आणलाय, राग म्हणून. संध्याकाळी उजवा खांदा वर जाईना. जास्वंदीताईंनी दोन गोष्टी दुरुस्त केल्या: मी चकती झुल्यासारखी हलवत होतो, दोन्ही टोकांना वर उचलली जायची. ती सारवण घालताना हात जसा जमिनीसरशी जातो तशी न्यायची. आणि वेग निम्मा.

दुसरा दिवस, सकाळी साडेदहा. एका जुन्या खोदकामाच्या उतारावर, खडक उघडा पडलेला. आवाज इतका बारीक की मी पुढे गेलो होतो. ताई म्हणाल्या, परत ये. दोन इंच खरवडलं, आवाज वाढला. मूठभर माती प्लास्टिकच्या चमचीत घेतली, अर्धी टाकली, वाजली, अर्धी टाकली, वाजली. शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरली आणि त्यात ते. ०.३ ग्रॅम. मुगाच्या अर्ध्या डाळीएवढं. छायाचित्र जोडलंय, शेजारी मापाला माचिसची काडी.

भाडं, पेट्रोल आणि दोन वेळचं खाणं धरून माझा खर्च या सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. @शंकेखोर, तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

निर्णय: गोल्ड मॉन्स्टर घेतोय, वापरलेला. बल्लारातकर काका मशीन बघायला सोबत येणार आहेत, कारण बाजारात नामांकित मशिनांच्या हुबेहूब नकला फिरतात असं त्यांनी बजावलंय.

बल्लारातकर
अभिनंदन! मोठ्याने हसलो "राग म्हणून" वर. वापरलेलं बघताना कॉइलची केबल जोडाजवळ हलवून बघू, तिथेच तुटते. मालकाकडे मूळ बिल आणि सिरियल नंबर असेल तरच पैसे. आणि हे जपून ठेवा, व्हिक्टोरियातलं सोनं बहुतेक ९५ टक्क्यांच्या वर शुद्ध असतं, तुमच्या २२ कॅरेटपेक्षा सरस.

पर्थवासी
अभिनंदन भाऊ. एसडीसी घेतला असता तर हे ०.३ चुकलं नसतंच, शिवाय खालचंही मिळालं असतं. गप्प बसतो.

शंकेखोर
काही म्हणणार नाही. एकच विचारतो. ती जागा नेमकी कुठे?

चालतोय_निवांत
व्हिक्टोरियात.

शंकेखोर
अहो, व्हिक्टोरियात कुठे?

चालतोय_निवांत
झाडाजवळ.

जास्वंदी
@चालतोय_निवांत, शाब्बास. आता झालास तू.

तुषार_सिंचन
आणि चमकी?

चालतोय_निवांत
काल रात्री तिने तो कण बराच वेळ दिव्याखाली धरला होता. सकाळी टेबलावर एका झाकणाला चिकटवलेली चमकी होती. पण बागेत नाही, फक्त दिवाणखान्यात वापरायची अशी अट आहे.